शिक्षेनंतरचा अभियोक्ता

शिक्षा ठोठावली गेली की सरकारी अभियोक्त्याचे कर्तव्य संपते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत ग्राह्य, याची चिकित्सा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या इतिहासावरून करता येते.

त्या राज्यात १९९४ साली झालेल्या कायद्यान्वये, पूर्वी दोन गंभीर अपराध सिद्ध झालेल्या मनुष्यास तिसऱ्या अपराधाबद्दल किमान २५ वर्षे व कमाल आजन्म कारावास भोगावा लागे. गोल्फच्या तीन काठ्या चोरल्याबद्दल दिलेली अशीच शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कायम केली. २०१२ च्या जनमताने हा कायदा सौम्य केला. तथापि दीर्घ शिक्षांचा प्रश्न उरलाच. शिक्षा मागणाऱ्या अभियोक्त्यास ती कमी करण्याची शिफारस करण्याची मात्र सोय नव्हती.

ही उणीव हिलरी ब्लाउट यांनी हेरली. सॅन फ्रान्सिस्को येथे अभियोक्त्याचे काम केलेल्या या विदुषीने आखलेला कायदा २०१८ साली संमत होऊन १ जानेवारी २०१९ पासून अमलात आला. जिल्हा अभियोक्त्याने शिफारस करावी व निर्णय न्यायाधीशाने द्यावा, अशी त्याची योजना आहे. अशा प्रकरणी बंद्यास वकील नेमून देण्याची तरतूद २०२१ च्या कायद्याने केली.

अभियोक्त्याचे ध्येय खटला जिंकणे नसून न्याय होणे हे आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९३५ सालीच सांगितले होते. नव्या कायद्याने त्या तत्त्वास शिक्षेनंतरही वाव दिला. मात्र शिफारस करणे न करणे अभियोक्त्याच्याच इच्छेवर राहिले. बंद्याचा तो हक्क ठरला नाही. या सुधारणेचे मोल ठरविताना ही मर्यादा दृष्टीआड करता येत नाही.