झिजलेला किंगपिन आणि माझी फसलेली थिअरी

पालीच्या किनाऱ्यावर लोखंड फार काळ सुखी राहत नाही. खारी हवा. त्यामुळे उत्तनच्या रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी पाहिली, तेव्हा पत्रा सडलेला असणार हे गृहीतच होतं. मला बघायची होती ती आतली झीज.

थोडी पार्श्वभूमी. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली आणि 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. मुंबईत टॅक्सी म्हणून ती 30 ऑक्टोबर 2023 पर्यंत टिकली. हा इतिहास कागदात सापडतो. पण एखादी गाडी कशी वापरली, किती वेळा उघडली, कोणी कामचलाऊ दुरुस्ती केली, हे कागदात क्वचितच असतं. या गाडीचं मीटर पाच आकडी. 99,999 नंतर परत शून्य. म्हणजे तोही साक्षीदार कच्चाच.

मग पुरावा कुठे? सिलिंडरमध्ये. मूळ बोर 68 मिमी. रिंगा जिथे पोचतच नाहीत त्या तळाशी झीज जवळजवळ नसते, म्हणून तिथलं माप आधी घ्यायचं. ते आलं 68.40. म्हणजे इंजिन आधी एकदा बोर करून मोठा पिस्टन बसवलेला होता! आरसी बुकात याचा उल्लेख नाही, मालकालाही माहीत नव्हतं. वर, रिंगांचा प्रवास जिथे थांबतो तिथे, आणखी 0.17 मिमी झीज. तिथे दाब आणि उष्णता जास्त, तेल कमी, म्हणून सिलिंडर वरच्या टोकाला जास्त खातो. थंड इंजिन वारंवार सुरू केलं तर ज्वलनातली आम्लं तिथे गंजही आणतात. मला हे फार आवडलं: एकाच भोकात दोन काळ, एक तळाशी आणि एक माथ्याशी.

अडचण अशी की दुरुस्ती म्हणजे हा पुरावा पुसणं. दुसऱ्या दिवशी ब्लॉक बोरिंगला जाणार होता. माझ्याकडे एकच संध्याकाळ होती. चारही सिलिंडर, तीन उंचीवर, दोन दिशांना, अशी चोवीस मापं मी वहीत उतरवली. बोर गेज दोनदा झिरो केला, कारण पहिल्यांदा घाईत चुकले होते.

खरी फजिती किंगपिनवर झाली. पुढचं डावं चाक वर उचलून हलवलं तर चांगलाच प्ले, उजवीकडे नगण्य. मी लगेच थिअरी मांडली: आपण डावीकडून चालतो, खड्डे नि तुटलेल्या कडा डाव्या चाकाला लागतात, म्हणजे ही मुंबईच्या रस्त्यांची नोंद! प्रबंधातलं अख्खं प्रकरण मला दिसायला लागलं होतं.

शेडमधले काका (ते आयुष्यभर होड्यांची इंजिनं करत आलेत) पाना ठेवून म्हणाले, "बाय, आधी निपल काढून बघ."

काढलं. आत ग्रीस दगडासारखं. त्याच्या पलीकडे बुश कोरडा, तांबूस गंज चढलेला. उजव्या बाजूचं निपल साफ होतं, ग्रीस ओलं. डावीकडे ग्रीस पोचतच नव्हतं. रस्त्यांनी भर घातली असेलही, पण या एका गाडीवरून ते सिद्ध होत नाही. कुठल्या बाजूने किती गाड्या झिजल्या हे सांगायला दोन्ही निपलं चालू असलेल्या पुष्कळ गाड्या लागतील.

घर्षणाचे नियम आमोंताँने 1699 मध्ये मांडले, पण 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द ब्रिटनच्या जोस्ट अहवालातून आला तो 1966 मध्ये. तोवर ही विद्या बरीचशी अशा शेडमध्येच होती, नाव नसलेली. काकांनी नवे बुश दाबून बसवले, रीमर मारला, पिन हाताने फिरेल पण हलणार नाही इतकी जागा ठेवली. ती किती, हे मी विचारलं तर त्यांनी मलाच पिन फिरवायला दिली.

जुने दोन्ही बुश आता माझ्याकडे आहेत, "डावा" आणि "उजवा" असं लिहिलेल्या वेगवेगळ्या पाकिटांत. वंगणाचे अवशेष मी मुद्दामच पुसलेले नाहीत.