इंजिनात पाणी : सव्वाशे वर्षांचा हिशेब

पाण्यावर इंजिन चालते का, हा प्रश्न आपल्या तुकडीतल्या मित्रांनी मला जितक्या वेळा विचारला असेल तितक्या वेळा दुसरा कोणताच विचारला नसेल. गेली पस्तीस वर्षे मी इंजिने उघडतो आणि जोडतो, म्हणून उत्तर माझ्याकडे असणार असे सगळ्यांना वाटते. उत्तर थोडक्यात देता येते. पाण्यावर इंजिन चालत नाही. पण इंधनाच्या जोडीला थोडे पाणी घेऊन इंजिन चालते, आणि काही वेळा पाण्याविना चालते त्यापेक्षा चांगले चालते. या दोन गोष्टींतला फरक कळायला सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. त्या फरकापायी आपल्यातल्या एका मित्राची जमीनही एकदा गहाण पडणार होती. स्मरणिकेच्या निमित्ताने हा सगळा हिशेब लिहून ठेवतो.

सुरुवात रॉकेलपासून करावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रॉकेल हे दिव्यासाठी घरोघर मिळणारे तेल होते. ते इंजिनात जाळता आले तर शेतात, गिरणीत, कुठेही ताकद नेता येणार होती. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज माणसाने १८९० साली अशा इंजिनाचे पेटंट घेतले आणि ग्रँटहॅम गावच्या हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून ती इंजिने बाजारात आणली. सिलिंडरच्या टोकाला लोखंडी पोकळ गोळा असे. तो बाहेरून दिव्याने लाल तापवायचा, मग आत गेलेले तेल त्याच्या उष्णतेनेच पेट घेई. एकदा इंजिन चालू झाले की दिवा काढून घ्यायचा, पुढे गोळा स्वतःच्याच ज्वलनावर तापलेला राही.

पण इंजिनावर पूर्ण भार आला की गोळा गरजेपेक्षा जास्त तापे. तेल वेळेआधीच पेटे, पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर उलटा दणका बसे आणि इंजिन धाडधाड आवाज करू लागे. त्यावरचा तोडगा साधा होता. पुढच्या पिढीतल्या अनेक गोळा-इंजिनांना पाण्याची एक छोटी नळी बसवलेली असे. भार वाढला की चालक तिची तोटी थोडी उघडी, हवेबरोबर पाण्याचे थेंब आत जात आणि इंजिन शांत होई. त्याच सुमारास, १८९० च्या दशकात, हंगेरीत बुडापेस्टच्या दोनात बांकी यांनी इंजिनात मुद्दाम पाणी फवारून दाब वाढवण्याचे प्रयोग केले. कार्बोरेटरच्या इतिहासात यानोश चोंका यांच्याबरोबर ज्यांचे नाव घेतात तेच हे बांकी.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी १९१० पासून रुमेली कंपनीचे 'ऑईलपुल' ट्रॅक्टर बनू लागले. गवताळ माळरान पहिल्यांदा नांगरण्याचे काम या अवजड ट्रॅक्टरांनी मोठ्या प्रमाणावर केले. ते रॉकेलवर चालत. त्यांच्या कार्बोरेटरमध्ये तीन सोयी होत्या : सुरू करायला पेट्रोल, चालवायला रॉकेल आणि भार वाढला की पाणी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इंजिनात पाणी घालणे हा चमत्कार नव्हता. कारखान्यातूनच ते बसवून येत होते.

हे पाणी आत जाऊन नेमके काय करते? इथे नववी-दहावीचे विज्ञान पुरते. अप्रकट उष्मा आठवतो का? एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात. पेट्रोलची वाफ करायला याच्या साधारण सहावा हिस्सा पुरतो. म्हणून पाण्याचे बारीक थेंब इंजिनात वाफ होताना आतल्या हवेची उष्णता शोषून घेतात. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे सरकत जाते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकले तर जो टणत्कार होतो त्याला आपण नॉकिंग म्हणतो. पाण्याने तो कोपरा थंड राहतो आणि नॉकिंग थांबते. पाणी जळत नाही, ताकद देत नाही. इंजिन जिथे स्वतःलाच मारत असते तिथे ते त्याचा हात धरते, एवढेच.

याचा सर्वांत मोठा उपयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. विमानाच्या इंजिनात हवा जितकी दाबून भरावी तितकी ताकद जास्त, पण तितके नॉकिंगही जास्त. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या अठरा सिलिंडरच्या आर-२८०० इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय केली गेली. जर्मनांकडे असेच 'एमडब्ल्यू ५०' नावाचे मिश्रण होते, जवळजवळ निम्मे पाणी आणि निम्मे मिथेनॉल. मिथेनॉल घालण्याचे एक कारण असे की उंचावरच्या थंडीत पाणी गोठू नये. वैमानिकाने ते सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त वापरायचे नाही असा दंडक होता. शत्रू मागे लागला की तेवढी दहा मिनिटे जीव वाचवायला पुरत.

युद्धानंतर ही युक्ती मोटारीत आली. १९६२ साली ओल्ड्समोबाइल कंपनीने 'जेटफायर' ही टर्बोचार्जरची मोटार काढली. तिच्यात पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी होती. मालक ती टाकी भरायला विसरत, आणि टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद आपोआप कमी केली जाई. तक्रारी इतक्या झाल्या की पुढे कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. अलीकडे बीएमडब्ल्यूच्या 'एम४ जीटीएस' या मोटारीत पाणी फवारण्याची पद्धत पुन्हा आली. म्हणजे युक्ती जुनी असली तरी मेलेली नाही.

डिझेलच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे. डिझेल आणि पाणी नुसते एकत्र ओतले तर पाणी तळाला बसते आणि पंप आणि नोझल यांची वाट लावते. पण मिश्रण टिकवणारे रसायन घालून पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब डिझेलमध्ये पसरवले तर दुधासारखे पांढरे इंधन तयार होते. यात पाणी साधारण १० ते २० टक्के असते. ज्वलनाचे तापमान उतरल्यामुळे नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी बनतात, काजळीही घटते. काही देशांत शहरी बसगाड्या अशा इंधनावर चालवून पाहिल्या गेल्या. मात्र तेवढ्याच लिटरमध्ये डिझेल कमी असल्यामुळे ताकदही कमी मिळते. तिथेही पाण्याने इंधनाची जागा घेतली नाही.

इथपर्यंतचा इतिहास प्रामाणिक माणसांचा झाला. त्याच्याच शेजारून दुसरा एक इतिहास चालत आला आहे. १९१६ साली न्यूयॉर्कजवळच्या फार्मिंगडेल गावात लुई एनरिक्ट नावाच्या माणसाने पाण्यात हिरवट औषध मिसळून मोटार चालवून दाखवली. युद्धामुळे पेट्रोल महागले होते, मोठमोठे लोक त्याच्या दारी आले. त्याचे सूत्र कधीच बाहेर आले नाही, आणि पुढे इंधनाच्याच दुसऱ्या एका प्रकरणात फसवणुकीबद्दल तो तुरुंगात गेला. ओहायोतल्या स्टॅन्ली मेयरने पाणी फोडून त्यावर गाडी चालवण्याचा दावा केला. १९९६ साली तिथल्या न्यायालयाने तो ढळढळीत फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल बनवल्याचा दावा केला आणि देशभर खळबळ उडाली. शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली झालेल्या चाचण्यांत तो दावा टिकला नाही.

पाणी फोडण्याचा हिशेबही सोपा आहे. एक ग्रॅम पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला साधारण ३,८०० कॅलरी लागतात. ते पुन्हा एकत्र जाळले की तेवढ्याच कॅलरी परत मिळतात, एकही जास्त नाही. मधल्या मधे बॅटरी, तारा आणि इंजिन आपापला वाटा कापून घेतात. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. राखेवर भाकरी भाजण्यासारखा तो प्रकार आहे.

आता आपल्या मित्राची गोष्ट. त्याच्या परवानगीने, पण नाव न घेता लिहितो. १९९६ च्या अखेरीस, आपल्या दहावीला दहा वर्षे झाली होती तेव्हा, रामर पिल्लैंची बातमी सगळ्यांच्या तोंडी होती. अशा हवेत एक विक्रेता आपल्या भागात आला. त्याच्याकडे कार्बोरेटरला लावायची पितळी डबी आणि पाण्याची बाटली होती. 'निम्मे रॉकेल, निम्मे पाणी' असे त्याचे म्हणणे. तालुक्याची एजन्सी हवी असेल तर अनामत रक्कम भरायची होती, आणि आपला मित्र त्यासाठी विहिरीकडची अर्धा एकर गहाण ठेवायला निघाला होता. तो काही बावळट नव्हता. विक्रेत्याने त्याच्याच विहिरीवर, त्याच्याच इंजिनाला डबी लावून दाखवली होती. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे ते लहान इंजिन उन्हाळ्यात पाणी खोल गेले की नॉकिंग करायचे. डबी लावताच आवाज थांबला. "डोळ्यांनी बघितलंय मी," तो म्हणाला.

डोळ्यांनी पाहिलेले खरेच होते. विक्रेत्याने दाखवले ते खोटे नव्हते, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता.

मी मित्राला म्हटले, "आपण पण करू, पण मोजून करू." मोजपात्र मागायला शाळेत गेलो तेव्हा आपल्या विज्ञानाच्या सरांनी पात्र दिले आणि रविवारी स्वतःही विहिरीवर आले. मी औषधाच्या दुकानातून सलाइनचा एक नवा संच आणला, कारण त्याच्या चाकाने थेंब कमी-जास्त करता येतात. त्याची नळी कार्बोरेटरच्या हवेच्या तोंडाशी बांधली. रॉकेलची टाकी बंद करून इंधन मोजपात्रातून दिले. अर्धा लिटर रॉकेलमध्ये पाण्याची किती बॅरले भरतात ते मोजायचे, एवढाच प्रयोग. सरांनी दोनच अटी घातल्या : इंजिन आधी पुरते तापू द्यायचे, आणि एकदा पाण्याविना, एकदा पाण्यासह असे आळीपाळीने प्रत्येकी तीनदा करायचे. "एकदा आलेलं उत्तर हे उत्तर नसतं," असे ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सहा फेऱ्या झाल्या. पाण्याचे थेंब सुरू असताना नॉकिंग थांबत होते, यात शंका नाही. पण अर्ध्या लिटरमध्ये भरणारी बॅरले दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. एकाच पद्धतीच्या दोन फेऱ्यांत जेवढा फरक पडे, तेवढाही फरक या दोन पद्धतींत नव्हता. मग मित्राच्या समाधानासाठी चाक मोकळे सोडून पाणी वाढवत नेले. निम्म्याच्या जवळपास जाण्याच्या कितीतरी आधीच इंजिन मिस व्हायला लागले, धुराड्यातून पांढरी वाफ आली आणि इंजिन बसले. दुसऱ्या दिवशी ऑईल तपासले तर ते दुधाळ झाले होते. ते बदलले नसते तर बेअरिंग गेले असते.

विक्रेत्याला निरोप दिला की मोजपात्र लावून दाखवा, लगेच पैसे भरतो. तो पुन्हा आला नाही. जमीन गहाण पडली नाही. सलाइनची नळी मात्र मित्राने ठेवून घेतली. पुढचे दोन उन्हाळे, विजेची मोटार बसेपर्यंत, भर दुपारी इंजिन ठोकू लागले की तो थोडे थेंब सोडी आणि इंजिन बंद करण्याआधी पाच मिनिटे पाणी थांबवी, म्हणजे आत ओल राहून गंज चढत नसे. रुमेलीचा चालक शंभर वर्षांपूर्वी जे करत होता तेच आपल्या शिवारात झाले.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पाण्यामुळे नॉकिंग टळते, म्हणून इंजिन मुळातच जास्त दाबाचे बनवले तर त्याच इंधनातून जास्त काम मिळू शकते. बांकींचा प्रयत्न तोच होता. पण त्यासाठी इंजिन नव्याने बांधावे लागते. तयार इंजिनाला बाटली लटकवून ते साधत नाही.

बचतीचा कोणताही दावा समोर आला की मी अजूनही तीन प्रश्न विचारतो. इंधन कशाने मोजले? काम कशाने मोजले? आणि दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिले का? एनरिक्टकडे जमलेल्या धनवंतांना हे प्रश्न सुचले असते तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचला असता. ते विचारायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत होते मोजकेच सामान, पण ज्या मोजपात्राने त्या दिवशी अर्धा एकर जमीन वाचवली ते तिथलेच होते. रेघ वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, हे आपल्या सगळ्यांना तिथेच शिकवले होते.