ट्रॅक्टरच्या चाकाचे बोल्ट पुन्हा पुन्हा ढिले का होतात?

उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढल्या किंवा दिवसभर नांगरट केली, की संध्याकाळी चाकाचे नट ढिले झालेले सापडतात. आपण पाना घेऊन परत आवळतो, दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं होत असेल तर नुसतं आवळून भागणार नाही, कारण शोधावं लागेल.

बोल्ट नेमकं काय करतो?

ट्रॅक्टरचं वजन बोल्टवर टांगलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. नट आवळला की बोल्ट कडक स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. हा ताण चाकाची डिस्क हबवर दाबून धरतो. त्या दाबातून होणारं घर्षणच ओढीचा जोर पेलतं. दाब पुरेसा असेल तोवर डिस्क तसूभरही सरकत नाही.

मग ढिला का होतो?

दाब कमी पडला की जड ओढीत डिस्क हबवर थोडीशी घसरते. या आडव्या हालचालीत आट्यांची पकड क्षणभर सुटते आणि नट हळूहळू उलटा फिरतो. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगातून मांडलं. अशा हालचालीपुढे साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही.

दाब कमी होण्याची नेहमीची कारणं:

- रंग, गंज, माती: डिस्क आणि हबमधला हा थर कामात चेपतो आणि बोल्टचा ताण उतरतो. नुकतंच चाक बसवलं असेल तर हे हमखास होतं.
- अंदाजाने आवळणं: १ मीटर दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर म्हणजे साधारण २०० न्यूटन-मीटर. आखूड पान्याने किती बसला, हे हाताला कळत नाही.
- आट्यांना तेल: टॉर्कचा सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच जातो. तेलामुळे घर्षण घटतं, तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो आणि कायमचा लांबू शकतो. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच तेल लावा.
- लांबट झालेली भोकं: ढिल्या नटांवर ट्रॅक्टर चालवल्याचा हा परिणाम.

काय करायचं?

१. चाक काढून डिस्क आणि हब तारेच्या ब्रशने साफ करा.
२. नट आधी हाताने बसवा. मग समोरासमोरचे नट घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळा.
३. शेवटची फेरी टॉर्क रेंचने. आकडा मॅन्युअलमधून घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेगळा असतो.
४. तासभर काम झाल्यावर पुन्हा तपासा, मग दिवसाअखेर, आणि पुढे मॅन्युअलमधल्या वेळापत्रकाप्रमाणे.
५. नटावरून डिस्कपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

कधी बदलायचं?

नटाभोवती गंजाचे लालसर ओघळ दिसले तर आत हालचाल चालू आहे असं समजा. भोक लांबट झालं असेल तर डिस्क बदला. एक बोल्ट तुटला असेल तर त्याचा भार बाकीच्यांनी सोसलेला असतो, म्हणून पूर्ण सेट बदलणं बरं. नट वेल्ड करू नका. उष्णतेने बोल्टची ताकद जाते.

रेघ बघायला दोन मिनिटं लागतात. भरल्या ट्रॉलीसह रस्त्यावर चाक निखळलं, तर ते आपल्यापुरतं राहत नाही.