सोळास नऊ : एका चौकटीची कुळकथा

हबल दुर्बीण आणि डीव्हीडीवर उतरवलेल्या कार्यक्रमातले लांबुडके चेहरे, या दोन्हींचा माग काढत गेलं की एकच माणूस भेटतो. आंरी क्रेतिएँ (१८७९–१९५६) हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. जॉर्ज रिची या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर त्याने दुर्बिणीच्या आरशांची जी रचना बसवली, ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. हबलमध्ये तीच आहे, आणि लडाखमध्ये हानलेला असलेल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतही तिचाच अवतार आहे. याच क्रेतिएँने १९२६ मध्ये चित्र आडवं दाबणाऱ्या एका भिंगाचं पेटंट घेतलं. आज आपल्या भिंतीवर टांगलेल्या टीव्हीचा आकार त्या भिंगातून आला, आणि त्या टीव्हीवर चित्र बिघडतं तेही त्याच भिंगाच्या युक्तीमुळे, असं माझं म्हणणं आहे.

आधी दुखणं काय ते सांगतो. ब्रिटनमध्ये १९९८ च्या शरद ऋतूत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं आणि रुंद पडद्याचे कार्यक्रम घरोघरी येऊ लागले. पुढच्या काही वर्षांत डीव्हीडी रेकॉर्डर स्वस्त झाले आणि लोक ते कार्यक्रम डिस्कवर साठवू लागले. साठवलेलं लावून पाहावं तर माणसं उंच आणि किडकिडीत, नाहीतर बुटकी आणि फुगलेली. ही चूक मोजूनमापून झालेली असते. १६:९ चं, म्हणजे सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच चित्र ४:३ समजून दाखवलं तर प्रत्येकाची रुंदी बरोबर पाऊणपट होते. उलट झालं तर ती एक तृतीयांशाने वाढते. यंत्राची सहज होणारी गफलत दर वेळी इतकी नेमकी कशी होईल? तिच्यामागे काहीतरी हिशेब असणारच.

४:३ चा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो एका दमात सांगून टाकतो. एडिसनच्या कारखान्यातल्या डब्ल्यू. के. एल. डिक्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, एका चौकटीला चार भोकं दिली, आणि चौकट साधारण एक इंच रुंद व पाऊण इंच उंच झाली. सिनेमाने ती उचलली, टीव्हीने सिनेमाकडून घेतली.

क्रेतिएँच्या भिंगाबद्दल मात्र तीन कथा आहेत. पहिली सर्वात लोकप्रिय : पहिल्या महायुद्धात रणगाड्यातल्या सैनिकाला अरुंद फटीतून आजूबाजूचा मोठा प्रदेश दिसावा म्हणून त्याने हे भिंग रचलं. दुसरी सिनेमावेड्यांची आवडती : आबेल गाँसच्या ‘नेपोलियन’मध्ये तीन प्रोजेक्टर लावून तीन पडद्यांवर पसरलेलं दृश्य पाहून त्याला हे सुचलं. तिसरी जर्मन बाजूची : यात नवं काहीच नव्हतं, कारण झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अशी भिंगं बनवली होती.

दुसरी कथा तारखांपुढे टिकत नाही. ‘नेपोलियन’ पॅरिसच्या ऑपेरात एप्रिल १९२७ मध्ये झळकला आणि पेटंट १९२६ चं आहे. तिसरी कथा खरी आहे, पण तिच्याने काही बिघडत नाही. एका दिशेला चित्र दाबणारं भिंग असणं वेगळं आणि दाबलेलं चित्र फिल्मवर साठवून दुसऱ्या भिंगाने पडद्यावर पुन्हा उलगडणं वेगळं. क्रेतिएँने ही जोडी जमवली. म्हणून मी रणगाड्याच्या कथेकडे झुकतो. रणगाड्यातल्या माणसाची अडचण आणि सिनेमावाल्याची अडचण मुळात एकच : भोक लहान, दृश्य रुंद. खगोलशास्त्रज्ञाने ती एकदा सोडवली की दुसऱ्यांदा सोडवायला गाँसचा सिनेमा पाहायची गरज नव्हती.

क्रेतिएँने भिंगाला हायपरगोनार असं नाव दिलं. क्लोद ओताँ-लारा या तरुण दिग्दर्शकाने ते वापरून जॅक लंडनच्या कथेवर एक लघुपट केला. थिएटरवाले तेव्हा बोलपटाच्या यंत्रसामग्रीवर पैसे ओतत होते, आणखी एका भिंगासाठी कोण खिसा मोकळा करणार? भिंग कपाटात गेलं. टीव्हीने अमेरिकेतली थिएटरं रिकामी करायला सुरुवात केली तेव्हा १९५२ च्या डिसेंबरात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे अध्यक्ष स्पायरस स्कूरास फ्रान्सला जाऊन म्हाताऱ्या क्रेतिएँकडून ते घेऊन आले. सप्टेंबर १९५३ मध्ये ‘द रोब’ प्रदर्शित झाला आणि सिनेमास्कोप जन्मलं. सहा वर्षांनी गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’ने ते हिंदी पडद्यावर आणलं.

या टप्प्यावर एक बारीक गोष्ट घडली, आणि माझा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. क्रेतिएँचं भिंग चित्र निम्मं दाबत असे. सुरुवातीला उलगडलेल्या चित्राचं प्रमाण २.५५ होतं. मग ध्वनीची प्रकाशपट्टी फिल्मच्या कडेला ठेवायची म्हणून चौकट थोडी कापली आणि प्रमाण २.३५ वर आलं. हा आकडा लक्षात ठेवा.

आता १६:९. याच्या जन्माबद्दलही तीन पक्ष आहेत. पहिला जपानी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेने उच्च दर्जाच्या टीव्हीचं संशोधन हाती घेतलं आणि पडद्यासाठी ५:३ हे प्रमाण धरलं. म्हणजे रुंद टीव्हीची कल्पना त्यांची, पण आकडा त्यांचा नाही. पुढे त्यांना आपला आकडा बदलून १६:९ वर यावं लागलं.

दुसरा पक्ष आरसीए या अमेरिकन कंपनीतल्या कर्न्स पॉवर्सचा. अमेरिकेतल्या चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संघटनेसाठी १९८० च्या दशकात त्याने प्रचलित प्रमाणांचे आयत घेतले : १.३३, १.६६, १.८५, २.२० आणि २.३५. सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखं ठेवून ते एकमेकांवर, केंद्र जुळवून ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण १.७७ निघालं. ही गोष्ट सांगणारे हा जादूचा प्रयोग असल्यासारखं सांगतात. पण कागद घेऊन बसलं की कळतं, मधल्या तीन आयतांनी काहीच केलं नाही. बाहेरच्या चौकटीची रुंदी सर्वात रुंद आयताची, उंची सर्वात उभट आयताची. आतल्या चौकटीत याच्या उलट. त्यामुळे दोन्ही वेळा उत्तर म्हणजे दोन टोकांचा भूमितीय मध्य. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.७७ मिळतं. याचा व्यवहारातला अर्थ असा, की या पडद्यावर जुना टीव्ही कार्यक्रम लावला तर बाजूंना मिळून पाव पडदा काळा राहतो आणि सिनेमास्कोप लावला तर वर-खाली मिळून जवळजवळ तेवढाच. तोटा दोघांचा सारखा.

तिसरा पक्ष गणितवाल्यांचा : १६:९ म्हणजे ४:३ चा वर्ग, चाराचा वर्ग सोळा, तिनाचा नऊ, बाकी सगळी कहाणी मागाहून रचलेली. हा पक्ष तगडा आहे, कारण पॉवर्सच्या रीतीने नेमका १.७७० येतो आणि १६:९ म्हणजे १.७७८. हा फरक अभियंत्यांनी कुठून आणला? शिवाय ४:३ चं चित्र तीन चतुर्थांशावर दाबलं की ते १६:९ मध्ये चपखल बसतं, हे विजेच्या मंडलांना फार सोयीचं.

माझा निवाडा असा : निवड मध्यमानाने केली, शिक्का वर्गाने मारला. पुरावा उलटून पाहिला की मिळतो. फॉक्सने ध्वनिपट्टीसाठी चौकट कापली नसती आणि २.५५ च कायम राहिला असता, तर मध्यमान १.८४ आलं असतं. मग ४:३ चा वर्ग कितीही देखणा असला तरी कोणाच्या ध्यानात आला नसता. वर्ग तेव्हाच सुचला जेव्हा मध्यमान त्याच्या अंगणात येऊन पडलं. आणखी एक साक्ष ब्रिटनची. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर रुंद कार्यक्रम दाखवताना बीबीसीने १४:९ अशी मधली चौकट वापरली. ४:३ आणि १६:९ यांचं भूमितीय मध्यमान १.५४, आणि १४:९ म्हणजे १.५६. तडजोड करताना अभियंते त्याच वाटेने जातात आणि मग जवळचा सुटसुटीत अपूर्णांक उचलतात. तेव्हा १६:९ चं एक टोक डिक्सनच्या हाती आहे आणि दुसरं क्रेतिएँच्या.

क्रेतिएँ दुसऱ्या दारानेही आत आला. १९८२ मध्ये डिजिटल टीव्हीच्या नमुन्यांचा आंतरराष्ट्रीय नियम ठरला : सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने, दृश्य ओळीत ७२०. हा वेग अमेरिकेच्या आणि युरोपच्या दोन्ही पद्धतींत पूर्णांकात बसतो, म्हणून निवडला. भारत-युरोपच्या पद्धतीत चौकट झाली ७२० × ५७६. रुंद पडदा आला तेव्हा चौकट बदलली नाही. तेवढ्याच ७२० ठिपक्यांत रुंद चित्र पाऊणपट दाबून बसवलं. क्रेतिएँचीच युक्ती, फक्त भिंगाच्या जागी अंकगणित. आता फडताळात नऊवारी आणि पाचवारी लुगडी एकाच मापाची घडी घालून ठेवली, तर कोणतं कोणतं ते वर लावलेल्या चिठ्ठीवरूनच कळणार. सिनेमाघरात चिठ्ठीचं काम प्रोजेक्टरवाला करायचा, योग्य भिंग लावायचा. डिजिटल चित्रात ते काम चार बिटांवर सोपवलं.

ही चिठ्ठी हरवायच्या जागा पुष्कळ. सेट-टॉप बॉक्सपासून रेकॉर्डरपर्यंत स्कार्ट केबल असे. तिच्या आठव्या पिनवर सहा व्होल्टच्या आसपास दाब म्हणजे १६:९, बाराच्या आसपास म्हणजे ४:३. रेकॉर्डरने ती पिन वाचलीच नाही तर चिठ्ठी तिथेच गळाली. दुसरी जागा डीव्हीडीच्या नियमांत आहे. वाहिनी जाहिरातीला ४:३ आणि कार्यक्रमाला १६:९ अशी चिठ्ठी क्षणात बदलू शकते, पण डीव्हीडी-व्हिडिओच्या एका शीर्षक-संचाला एकच प्रमाण देता येतं. तिसरी जागा जास्त तास बसवण्याच्या हव्यासात. रेकॉर्डर ३५२ ठिपक्यांच्या ओळीवर उतरला की नियमाप्रमाणे १६:९ लिहिण्याची मुभाच नाही, आणि रुंद चित्रावर ४:३ चा शिक्का बसतो. वर डिस्कवर चिठ्ठ्या दोन : एक एमपेग-२ या चित्रप्रवाहाच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्राआधी येणाऱ्या माहितीत, दुसरी डिस्कची माहिती ठेवणाऱ्या आयएफओ फाइलीत. डीव्हीडी प्लेअर आयएफओचं ऐकतो, संगणकावरची काही सॉफ्टवेअर हेडरचं. म्हणून एकच डिस्क संगणकावर सरळ आणि टीव्हीवर वेडीवाकडी दिसू शकते.

जाणकारांचा आणखी एक वाद आहे, की ४:३ चं चित्र ७२० ठिपक्यांचं की ७०२ चं? ॲनालॉग ओळीचा दृश्य भाग ५२ मायक्रोसेकंद, मायक्रोसेकंदाला १३.५ नमुने या वेगाने गुणलं की ७०२. उरलेले अठरा ठिपके कडेची सवलत. शास्त्र ७०२ वाल्यांच्या बाजूने आहे, पण फरक अडीच टक्क्यांचा, आणि चिठ्ठी चुकल्यावर होणारा फरक तेहेतीस टक्क्यांचा. आधी चिठ्ठी सुधारावी, वाद नंतर घालावा.

सुधारणा दिसते त्याहून सोपी आहे. हेडर ०० ०० ०१ बी३ ने सुरू होतं. त्यापुढच्या तीन बाइटांत रुंदी-उंची असते, ७२० × ५७६ साठी २डी ०२ ४०. त्याच्या पुढच्या बाइटचा पहिला आकडा प्रमाण सांगतो, दुसरा सेकंदाच्या चौकटी. २३ असेल तर ४:३, ३३ असेल तर १६:९. दोनाचा तीन केला की चेहरे जागेवर. हे हेडर प्रवाहात पुन्हा पुन्हा येतं, म्हणून पहिलं बदलून भागत नाही, सगळी बदलावी लागतात. मग आयएफओमधलं प्रमाणही बदलायचं. त्यासाठी आयफो-एडिटसारखी साधनं होती. चित्र पुन्हा एन्कोड करायची गरज नाही, त्यामुळे दर्जा कणभरही घटत नाही. अपवाद काळ्या पट्ट्यांचा. वाहिनीने ४:३ च्या चौकटीत पट्ट्या घालूनच सिनेमा दाखवला असेल, तर चिठ्ठी बरोबर आहे आणि ती बदलली तर चित्र बिघडेल. परीक्षा एकच : चित्रात गोल असायला हवी अशी वस्तू शोधा, भिंतीवरचं घड्याळ किंवा समोरून दिसणारं चाक, आणि फूटपट्टी लावा.

लग्नमुंजीच्या जुन्या डीव्हीडी अनेकांच्या घरी आहेत आणि आता त्या पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवायची घाई चालली आहे. त्याही याच ७२० × ५७६ च्या. उतरवून देणाऱ्या दुकानात जाल तेव्हा दोन गोष्टी सांगा : मूळ फाइली जशाच्या तशा कॉपी करून द्या, आणि चित्र ताणून नव्याने एन्कोड करू नका. एकदा चुकीच्या प्रमाणात नव्याने एन्कोड झालं की चूक ठिपक्यांत मुरते. मूळ फाइल हाताशी असेल तर एक आकडा बदलून काम भागतं.