लोड, तक्क्या आणि आपली उशी



मागच्या महिन्यात सूनबाईने नव्या घराच्या सोफ्यासाठी सहा उशा मागवल्या. रंग सुंदर, चकचकीत रेशमी अभ्रे. एक उशी दाबून बघताना शिवणीतून बारीक पीस बाहेर आलं. चिठ्ठी वाचली तर आत बदकाची पिसं! ती बिचारी ओशाळली. "आई, मी फक्त रंग बघितला हो," म्हणाली. मी तिला काही बोलले नाही, कारण माझ्या लग्नातल्या शालूच्या वेळी मी तरी कुठे विचार केला होता? पण त्या रात्री मनात आलं, की आपल्या घरात उशी आली कुठून, आणि तिच्यात काय भरायचं हे आपल्या बायकांनी आजवर कसं ठरवलं?

सुरुवात अगदी पवित्र जागेपासून करते. आपल्यात महावीरांच्या मातेला, त्रिशलादेवीला, सोळा स्वप्नं पडली म्हणतात. श्वेतांबर परंपरेत चौदा. त्यांच्या कल्पसूत्रात त्या रात्रीच्या शय्येचं वर्णन आहे. दोन्ही टोकांना उशा, दोन्ही कडा उंच, मध्ये खोलगट, आणि स्पर्श कापसासारखा, लोण्यासारखा मऊ. पंधराव्या शतकात गुजरातेत कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. त्यातल्या त्रिशलामाता नक्षीदार गादीवर, उशीला टेकून पहुडलेल्या दिसतात. चित्रांतल्या कपड्यांवर ओळीने हंस असतात, फुलं असतात.

कोणी म्हणेल, ती चित्रकाराची कल्पना असेल. पण तसं नाही. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात नावाचं शहर होतं. तिथे उकिरड्यांतून आणि थडग्यांतून ठशांनी छापलेल्या गुजराती सुती कापडाचे तुकडे निघाले. हजाराहून जास्त तुकडे आज इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. त्यातल्या काहींवर पोथ्यांतल्यासारखेच हंस आहेत! म्हणजे चित्रकाराने आजूबाजूच्या बाजारातलं कापडच रंगवलं. आणि ते कापड होतं साधं सुती, निळीत आणि झाडांच्या लाल रंगात छापलेलं.

यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची यादी आपल्या आचारग्रंथांत आहे. त्यात लाखेचा व्यापार येतो, हस्तिदंताचा येतो, कारण दोन्हींत जीव जातो. म्हणजे माल कसा तयार होतो हे विचारायची सवय आपल्या समाजाला शेकडो वर्षांपासून आहे. सूनबाईच्या उशीची चिठ्ठी वाचणं हे काही नवं खूळ नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते. आपल्या भाषेत 'गादी' म्हणजे नुसतं बिछान्यावरचं अंथरूण नाही. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असं आपण राज्यालाच म्हणतो. व्यापाऱ्याच्या पेढीवरही तेच. सांगलीला माझ्या आजोबांची हळदीची अडत होती. भिंतीला लागून पांढरीशुभ्र बैठक, पाठीला लोड, कोपराखाली तक्क्या. दिवाळीत वहीपूजनाच्या आधी सगळे अभ्रे धुऊन, नीळ देऊन वाळत पडायचे. धुवायची आजी. पण त्या लोडाला टेकलेली आजी मी एकदाही पाहिली नाही. पाहुणे आले की ती उंबऱ्याच्या आत, पाटावर, पाठ ताठ. लोड-तक्क्या हा पुरुषांचा मान होता.

उशीत काय भरायचं हे मात्र आजी ठरवायची. दारात पिंजारी यायचा, धनुकलीचा टणटण आवाज घुमायचा, आणि गोळा झालेला जुना कापूस पुन्हा फुलायचा. तान्ह्या बाळाच्या उशीला काटेसावरीच्या बोंडातला रेशमासारखा मऊ कापूस. एकच कापूस वर्षानुवर्षं. आजीला अपरिग्रह शब्द समजावून सांगता आला नसता, पण घरात तो पाळला जात होता.

पुढे घरोघरी सोफा आला आणि बैठक गेली. लोड गेला, लहान चौकोनी उशा आल्या. एक चांगलं झालं: सोफ्यावर बाईही टेकून बसू लागली. पण कापूस गेला, फोम आला, फायबर आलं, आणि महागातल्या उशांत पिसं आली. रेशमाचंही तसंच. एक किलो कच्च्या रेशमासाठी पाच हजारांच्या आसपास कोश उकळावे लागतात. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या कुसुमा राजय्या यांनी १९९० च्या दशकात पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांपासून रेशीम काढायचा मार्ग शोधला. त्याला अहिंसा रेशीम म्हणतात. पण साधं सुती, खादी किंवा तागाचं कापड असताना त्याचीही किती गरज आहे?

आम्ही शेवटी काय केलं ते सांगते. पिसांच्या उशा दुकानाला परत केल्या. कापूस भरून घेतला, वर ठशांच्या छपाईचे सुती अभ्रे. अभ्रा १६ इंचांचा असेल तर आतली उशी १८ इंचांची घ्यावी, म्हणजे कोपरे लोंबत नाहीत. अभ्र्याला चेन असावी, महिन्याला धुता येतो, उशीला ऊन देता येतं, आणि आत जीव उत्पन्न होण्याची शक्यता कमी होते. स्वस्तिक, ॐ किंवा कुठलीही अक्षरं असलेला अभ्रा आम्ही घेतला नाही. ज्याला पाठ लागेल, पाय लागेल, त्यावर ते नको. हंस मात्र घेतले. आणि सहाच्या जागी चारच ठेवल्या. रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण सांगितलं आहे. एकदाच वापरतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग, आणि दोन्हीला मर्यादा हवी. उशी उपभोगातच येते.

आपले मुनी आणि आर्यिका माताजी भूमीवर, फळीवर किंवा चटईवर झोपतात. आपण गृहस्थ आहोत, आपल्याला तेवढं जमत नाही. पण आपली पाठ टेकताना कुणाचा जीव गेलेला नसावा, एवढं नक्की जमतं.

परवा संध्याकाळी सूनबाई स्वयंपाक आटोपून सोफ्यावर टेकली, मांडीवर हंसांची उशी. मला एकदम पाटावर ताठ बसलेली आजी आठवली. मीही एक उशी पाठीशी घेतली आणि तिच्या शेजारी बसले.

जय जिनेंद्र.