यंत्रामागची खोली : अचूक शीतकरण यंत्रांच्या उभारणीचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांची नावे आणि त्यांचा गणनवेग यांच्या आधारे सांगितला जातो. ती यंत्रे ज्या खोलीत उभी राहिली, त्या खोलीची नोंद मात्र अभावानेच घेतली जाते. वास्तविक ठरावीक तापमान व आर्द्रता राखणाऱ्या खोलीवाचून मोठे संगणक अखंड चालविणे अशक्यप्राय होते. अशी खोली सिद्ध करणे व तीत मोठे शीतकरण यंत्र सुरक्षितपणे बसविणे, या कार्याच्या विकासाचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१. छापखान्यातील प्रारंभ

अचूक शीतकरणाचा उगम मानवी सुखसोयीच्या गरजेतून झालेला नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात हवेतील आर्द्रतेच्या चढउतारामुळे कागद कधी प्रसरण, तर कधी आकुंचन पावे. परिणामी एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. बफेलो फोर्ज या कंपनीतील तरुण अभियंता विलिस कॅरिअर याने जुलै १९०२ मध्ये त्यावरील उपाययोजनेचा आराखडा सिद्ध केला. वर्षभर सुमारे ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखणे हे त्याचे उद्दिष्ट होते. शीतकरणाची क्षमता त्या काळी बर्फाच्या परिमाणात मोजली जाई. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढी क्षमता म्हणजे एक ‘टन’, अर्थात सुमारे ३.५ किलोवॅट. हे एकक आजही रूढ आहे.

२. संगणक आणि उष्णतेचा प्रश्न

१९४६ मध्ये फिलाडेल्फिया येथे जाहीरपणे कार्यान्वित झालेल्या ‘एनिअॅक’मध्ये सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे आणि ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने खोलीत उतरे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्येही सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. मुंबईसारख्या दमट शहरात उष्णतेबरोबरच बाष्पाचाही प्रश्न उद्भवतो. हवा अति दमट झाल्यास धातूचे भाग गंजतात. अति कोरडी झाल्यास स्थिर विद्युत निर्माण होते.

माणसांसाठीच्या वातानुकूलन यंत्राची शक्ती बऱ्याच अंशी हवेतील बाष्प काढण्यात खर्च होते. संगणक मात्र उष्णता देतो, बाष्प देत नाही. हा भेद ओळखून अमेरिकेतील ओहायो राज्यात राल्फ लीबर्ट यांनी १९६५ च्या सुमारास खास संगणक कक्षासाठी शीतकरण यंत्र विकसित केले.

३. खोलीची सिद्धता

अशा यंत्रांबरोबर खोलीच्या रचनेचे एक शास्त्र आकारास आले. भिंती, छत व जमीन यांना बाष्परोधक थर देणे आणि दारे-खिडक्यांच्या फटी बुजविणे ही त्याची पहिली पायरी होय. हा थर नसल्यास यंत्र खोलीऐवजी बाहेरच्या हवेशीच झुंजत राहते. मूळ जमिनीवर लोखंडी पायांच्या आधाराने दुसरी जमीन, म्हणजे ‘फॉल्स फ्लोअर’, उभारून तिच्याखालून थंड हवा खेळविण्याची पद्धत रूढ झाली. मात्र शीतकरण यंत्राचा भार या जमिनीच्या लाद्यांवर न टाकता मूळ जमिनीवर टेकणाऱ्या स्वतंत्र लोखंडी चौकटीवर टाकावा लागतो. जमिनीची भारक्षमता, दारांची रुंदी, वळणे व उद्वाहनाची क्षमता यंत्र येण्यापूर्वीच तपासावी लागते. तसेच दुरुस्तीसाठी यंत्रासमोर मोकळी जागा राखणे अनिवार्य ठरते.

४. सुरक्षित उभारणी

मोठे यंत्र शेकडो किलो वजनाचे, उंच व अरुंद असते. त्याचा गुरुत्वमध्य वर असल्याने ते हलविताना कलंडण्याचा धोका संभवतो. म्हणून ते उभेच ठेवून अनुभवी कामगारांकरवीच हलविले जाते. अनेक यंत्रे कारखान्यातून नायट्रोजनचा दाब भरून पाठविली जातात. तो दाब सावकाश न सोडता नळी कापल्यास गंभीर इजा होऊ शकते. तांब्याच्या नळ्यांचे सांधे जोडताना आतून नायट्रोजन वाहता ठेवतात. अन्यथा आत काजळीसारखा थर धरतो. त्यानंतर गळतीची चाचणी व निर्वातीकरण करूनच शीतक वायू भरला जातो. सामान्यतः वापरले जाणारे शीतक वायू हवेपेक्षा जड असल्याने बंदिस्त जागेत तळाशी साचून गुदमरण्याचा धोका निर्माण करतात. सांडपाण्याच्या नळीस योग्य उतार देणे व जमिनीखाली पाण्याची सूचना देणारी तार बसविणे, या बाबी क्षुल्लक वाटल्या तरी विजेच्या तारांशेजारी पाणी साचू न देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच असते.

५. निष्कर्ष

अमेरिकेतील ‘अॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेने २००४ मध्ये संगणक कक्षांसाठी २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस केली आणि २००८ मध्ये ती मर्यादा १८ ते २७ अंशांपर्यंत विस्तारली. यंत्रे अधिक सहनशील झाली, तरी खोलीचे महत्त्व संपले नाही. उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, खोली हा संगणकाचा बाह्य परिवेश नसून त्याचाच एक घटक आहे. ती उभारणाऱ्या गवंडी, जोडारी व वीजतंत्री यांचे श्रम तंत्रज्ञानाच्या इतिहासात नोंदले जावयाचे असतील, तर नकाशे, मोजमाप-पुस्तके व उभारणीचे अहवाल ही साधने जतन झाली पाहिजेत. यंत्र मोडीत निघताना त्याचे कागदही रद्दीत गेले, तर इतिहासाकडे केवळ यंत्राचे नाव उरेल. ते चालले कशाच्या बळावर, हे उरणार नाही.