निरर्थक उत्परिवर्तने, आरएनए आणि मुंबईतील रेण्वीय जीवशास्त्राचा आरंभ

मुंबईतील जीवशास्त्रीय संशोधनाचा इतिहास मांडताना परळच्या हाफकिन संस्थेपासून प्रारंभ केला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि पेशी प्रथिने कशी घडवते, या प्रश्नाशी या शहराचा जो धागा जुळतो, तो कुलाब्यातील आहे. १९६२ मध्ये होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला.

त्याच वर्षी अ‍ॅलन गॅरन व सिद्दिकी यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ई. कोलाय या जिवाणूच्या काही उत्परिवर्तित वाणांत अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर तयार होत नसे. परंतु पेशीत एक विशिष्ट ‘दमनकारी’ जनुक असल्यास विकर पुन्हा आढळे. मूळ जनुकातील दोष मात्र तसाच राही. मजकुरातील चूक कायम असताना अर्थ कसा उमटला?

उत्तर आरएनएमध्ये होते. डीएनएवरील माहितीची प्रत संदेशवाहक आरएनएवर उतरते. रायबोसोमवर ती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते व प्रत्येक त्रिकाला अनुरूप अमिनो आम्ल वाहक आरएनए आणून देतो. एकूण ६४ त्रिकांपैकी ६१ अमिनो आम्लांची असून यूएजी, यूएए व यूजीए ही तीन साखळी थांबविण्याची आहेत. उत्परिवर्तनाने असे त्रिक मध्येच निर्माण झाले की प्रथिन अपुरे राहते. यांनाच ‘निरर्थक’ म्हणण्याची प्रथा पडली. वस्तुतः ‘थांबा’ हा अतिशय निश्चित अर्थ होय. नाव फसले, पण रूढ झाले.

१९६८ मध्ये अशा एका दमनकारी जनुकाचे रहस्य उलगडले. टायरोसिनच्या वाहक आरएनएमधील, त्रिकाशी जुळणाऱ्या भागातील एकच अक्षर बदलले होते. त्यामुळे यूएजीपाशी न थांबता टायरोसिन जोडले जाई. म्हणजे चूक लिखितात होती आणि दुरुस्ती वाचकाने केली.

या शोधाचे श्रेय मुंबईला देणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. गॅरन-सिद्दिकी यांचे प्रयोग अमेरिकेत झाले होते. मुंबईत आली ती पद्धत: सामान्य पेशीऐवजी बिघडलेली पेशी निवडावी आणि तिच्या बिघाडावरून मूळ यंत्रणेचा माग काढावा. पुढे सिद्दिकी फळमाशीच्या चेतासंस्थेकडे वळले. सीमोर बेंझर यांच्यासमवेत १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषय होता तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या उत्परिवर्तित माश्या.